रजेच्या जागेवर शिकवताना

प्रश्न असा आहे: "मी सत्तावीस वर्षांची, एम.एस्सी. बी.एड., विषय गणित-विज्ञान. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर पास आहे. जूनपासून कोथरूडच्या एका अनुदानित मराठी शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवते आहे. याआधी दोन शाळांत असंच चार-पाच महिने केलं. संस्थेतले लोक म्हणतात, काम चांगलं आहे, थांबा, पुढे बघू. घरचे म्हणतात, हे सोड आणि सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून टेटचा, त्या शिक्षक भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास कर. काय करू? आणि वर्गातली मुलं विचारतात, बाई, तुम्ही कायम राहणार ना? त्यांना काय सांगू?"

मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची सात पर्यवेक्षक होते. रजेच्या जागेवर कोणाला घ्यायचं, ऑफ तासाला, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला, कोणाला पाठवायचं, हे तेव्हा मीच ठरवायचे. आणि कायम होण्याआधीची अडीच वर्षं मी स्वतः तीन शाळांमध्ये अशाच जागांवर काढली. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

आधी त्या "पुढे बघू"बद्दल बोलते, कारण तुमची सगळी घालमेल तिथेच आहे. हे म्हणणारी माणसं खोटं बोलत असतील असं नाही. तुमचं काम त्यांना खरंच आवडलं असेल. पण अनुदानित शाळेतली कायम जागा देणं आता त्यांच्या हातात राहिलेलं नाही. पूर्वी संस्था जाहिरात द्यायची, मुलाखत घ्यायची, नेमणूक करायची आणि मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता यायची. मे २०१२ मध्ये शासनाने भरतीच थांबवली. त्यानंतर २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे आपण जिला टेट म्हणतो ती, आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शासनाचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ, असा रस्ता आला. आज तुमच्या शाळेत गणिताची जागा रिकामी झाली, तरी आधी संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकसंख्येत, ती टिकायला हवी, मग जिल्ह्यात कोणी अतिरिक्त शिक्षक असेल तर त्याचं तिथे समायोजन होणार, आणि तरीही जागा उरली तर ती पोर्टलवर जाणार. मुख्याध्यापकांना तुम्ही कितीही हव्या असलात तरी तुमचं नाव त्या यादीतून यावं लागतं. शिवाय तुम्ही ज्या जागेवर आहात तिला मालकीण आहे. रजा संपली की त्या बाई परत येणार. त्या जागेतून कायम जागा निघत नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या दुसऱ्या शाळेत मला दहा महिने "जूनमध्ये बघू" म्हणून ठेवलं. मी तिथे स्नेहसंमेलन बसवलं, स्कॉलरशिपचे जादा तास घेतले, रविवारी पेपर तपासले. जूनमध्ये दुसरंच कोणी आलं. मला त्याहून जास्त लागलं ते पुढे. अनुभवाचा दाखला मागायला गेले तर कार्यालयात माझ्या नावाचा एक कागदही नव्हता. नेमणूकपत्र नव्हतं, हजेरीपटावर नाव नव्हतं, पगार पाकिटातून. दहा महिने मी त्या शाळेत होते हे सांगायला फक्त मुलं होती.

तुम्ही कोणत्या शाळेत आहात यावर बाकीचं अवलंबून आहे, म्हणून हेही सांगून ठेवते. स्वयंअर्थसहाय्यित शाळा, सीबीएसईच्या शाळा आपापली भरती करतात. तिथे रजेच्या जागेवरची बाई आवडली आणि शेजारच्या तुकडीत जागा झाली तर तिला घेतात. मी असं होताना पुष्कळदा पाहिलंय. तिथे "पुढे बघू" या शब्दांना काही वजन असू शकतं. अनुदानित शाळेत मात्र त्या शब्दांवर तुमचं एक वर्षही लावू नका.

मग घरचे म्हणतात तसं सोडून द्यायचं का? माझं मत, नाही. त्याचं कारण टेटच्या तारखांमध्ये आहे. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर गेलं. या काळात कितीतरी मुलामुलींनी नोकऱ्या सोडून अभ्यासिका लावल्या आणि परीक्षेचीच वाट पाहत बसले. नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत माझा भाचा होता. सकाळी सातला जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, रात्री दहाला खोलीवर. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "मावशी, पुस्तकं पाठ झालीत, पण फळ्यासमोर उभं राहायची आता भीती वाटते." ते वाक्य मी विसरले नाही.

आणि परीक्षेचं स्वरूप बघा. २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. त्यातले १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास-नापास नसतं, फक्त गुण मिळतात आणि त्या गुणांवर यादी लागते. ही परीक्षा रोज बारा तास बसून जिंकायची नाही. तिला वेग लागतो, आणि वेग रोजच्या हाताच्या सवयीने येतो. शाळा सांभाळून रोज दीड तास, त्यात घड्याळ लावून ५० प्रश्न अर्ध्या तासात, उरलेला एक तास चुकलेल्या प्रश्नांना. रविवारी एक पूर्ण सराव चाचणी, संगणकावर, कागदावर नाही. तुम्ही गणिताच्या आहात, अंकमालिका आणि तर्काचे प्रश्न तुम्हाला जड नाहीत. गणितवाल्यांचे गुण मराठी-इंग्रजीच्या व्याकरणात आणि बालमानसशास्त्रात जातात. मीच कितीतरी उमेदवारांच्या सराव चाचण्या तपासल्यात, तिथेच लाल शाई दिसते. अप्पा बळवंत चौकातून दहा पुस्तकं आणण्यापेक्षा एकाच पुस्तकाचे तीन फेरे करा.

परीक्षा जाहीर झाली की मात्र हात आखडता घेऊ नका. तेव्हा तीन-चार आठवडे मिळतील तेवढी सुटी घ्या. नवीन रजेची जागा त्या महिन्यात स्वीकारू नका. नाही म्हणायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण मुख्याध्यापकांना दुसरी बाई मिळते, तुम्हाला दुसरी टेट कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नाही.

टीईटीचं तुमचं काम झालेलं आहे. २०२१ पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे ती काळजी मनातून काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. माझ्या बरोबरीच्या नाहीत, पण चाळिशीतल्या किती बायका त्यानंतर पुन्हा पुस्तकं घेऊन बसल्या, ते पाहिलं असेल तुम्ही. तुमच्या हातात ते प्रमाणपत्र आधीच आहे. एक मात्र लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची कायम जागा मिळत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका लागते. कोणी तिसरी-चौथीचा वर्ग देऊ केला तर अनुभव म्हणून घ्या, पण त्या दिशेने वर्षं घालवू नका. तुमच्यासाठी सहावी ते आठवी आणि त्यापुढचे वर्ग हे दरवाजे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, यादी टेटच्या गुणांवर लागते तर वर्गातल्या अनुभवाचा उपयोग काय? मुलाखतीशिवाय होणाऱ्या भरतीत खरंच एकही गुण मिळत नाही. पण मुलाखतीचा पर्याय घेतलेल्या खासगी संस्थांच्या जागा मुलाखतीसह भरल्या जातात, आणि तिथे अध्यापन कौशल्य आणि मुलाखत मिळून ३० गुण असतात. पाठ घ्यायला सांगतात. मी अशा पाठांना समितीत बसले आहे. आत आलेला उमेदवार पहिल्या दोन मिनिटांत कळतो. ज्याने फक्त बी.एड.चे सराव पाठ घेतलेत तो फळ्याकडे बघून बोलतो आणि "समजलं का?" विचारून स्वतःच "हो" म्हणून पुढे जातो. ज्याने सातवी ब मध्ये जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास घेतलाय, तो आधी मुलांकडे बघतो, शेवटच्या बाकावरच्या मुलाला उठवतो, त्याच्या चुकलेल्या उत्तरावरून पाठ पुढे नेतो. हे पुस्तकातून येत नाही.

म्हणून या रजेच्या जागेतून काय घ्यायचं ते सांगते.

पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढा. हजेरी घेताना प्रत्येक नाव त्या-त्या बाकावर लिहा. तो कागद टेबलावर ठेवला की दुसऱ्या तासापासून मुलांना नावाने हाक मारता येते. "ए, निळ्या स्वेटरवाल्या" म्हणणारी बाई ही पाहुणी असते, मुलं तिला पाहुणीसारखीच वागवतात. मी माझ्या तिसऱ्या शाळेत हे सुरू केलं आणि वर्ग शांत करायला जे ओरडावं लागायचं ते आठवड्यात बंद झालं. ऑफ तासावर अनोळखी वर्गात जावं लागलं तरी हेच करा. पाच मिनिटं जातात, तीस मिनिटं वाचतात.

दुसरं, जुन्या बाईंची पद्धत पहिल्या महिन्यात मोडू नका. त्या वहीत डावीकडे समास सोडायला लावत असतील तर तुम्हीही लावा. त्या गृहपाठ मंगळवारी-शुक्रवारी तपासत असतील तर तेच वार ठेवा. मुलांना माणूस बदललाय एवढाच धक्का पुरेसा असतो.

तिसरं टाचणाचं, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं ते आधी लिहून ठेवायच्या वहीचं. रजेच्या जागेवरची बरीच मुलं-मुली टाचण उसनं आणून उतरवतात, कारण कोणी तपासत नाही. तुम्ही स्वतःचं लिहा, आणि उजव्या बाजूला तास झाल्यावर दोन ओळी लिहा: कुठे अडलं, कोणता प्रश्न विचारला तेव्हा वर्ग उजळला. सातवीत पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकवताना ऋण गुणिले ऋण धन का, हे मी पहिल्या वर्षी नियम म्हणून सांगून टाकलं होतं. वहीत लिहिलं, "नियम पाठ, कारण कोणालाच नाही." पुढच्या शाळेत फळ्यावर उतरती रांग मांडली: ३ गुणिले वजा २ म्हणजे वजा ६, २ गुणिले वजा २ म्हणजे वजा ४, १ गुणिले वजा २ म्हणजे वजा २, शून्य गुणिले वजा २ म्हणजे शून्य. "आता पुढे वजा १ गुणिले वजा २ किती?" मागच्या बाकावरून एक मुलगी जवळजवळ ओरडलीच, "बाई, प्रत्येक वेळी दोन वाढतायत!" त्या वहीतली ती एक ओळ नसती तर मी दुसऱ्यांदाही नियमच सांगितला असता. तीन शाळांची तीन टाचणं तुमच्याकडे असतील, तर मुलाखतीतल्या पाठाची तयारी वेगळी करावी लागत नाही.

आता कागदपत्रं. इथे मी थोडी कडक होते, कारण चांगल्या मुली यातच मार खातात. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे, आणि नियमावलीत नेमणूकपत्राचा नमुनाच दिलेला आहे. तेव्हा नेमणूकपत्र मागण्यात उद्धटपणा काही नाही. त्यावर कोणाच्या रजेच्या जागी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता विषय, किती मानधन, एवढं हवं. आतापर्यंत मिळालं नसेल तर या आठवड्यात लिपिकांकडे साधा अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मानधन खात्यावर मागा. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, लिहून ठेवा. तुम्ही कोणत्या महिन्यात कुठे होतात याचा त्याहून भक्कम पुरावा नाही. अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच घ्या. नंतर मुख्याध्यापक बदलतात, लिपिक बदलतात, आणि आपण बसने हेलपाटे घालत राहतो.

पोर्टलसाठीचे कागदही आताच लावा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जोडणारा पुरावा तयार ठेवा. आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा बघा. पदवीच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका काढा आणि तुमचा विषय त्यावर स्वच्छ दिसतो का ते पाहा. पोर्टलवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःची माहिती, भरताना घाई करू नका, प्राधान्यक्रम लॉक करण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. माझ्या शाळेत रजेच्या जागेवर असलेल्या एका मुलीचे गुण उत्तम होते, पण तिने पसंतीक्रमात फक्त पुणे जिल्हा ठेवला. तिच्याहून कमी गुणांची मैत्रीण नंदुरबारला लागली. तुम्हाला जिल्हा सोडायचा नसेल तर तो निर्णय घरच्यांबरोबर बसून, समजून घ्या. फॉर्म भरताना रात्री अकराला घेऊ नका.

घरच्यांना आणखी एक गोष्ट आताच सांगा. निवड झाली म्हणजे पहिल्याच महिन्यात पूर्ण पगार नाही. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन आहे. त्यानंतर वेतनश्रेणी. परजिल्ह्यात खोली करून या पैशांत राहायचं, हे आधी माहीत असलं की माणूस तयारीने जातो.

दरम्यान पुण्यात इतर दरवाजेही आहेत. केंद्रीय विद्यालयं दरवर्षी मुलाखती घेऊन कंत्राटी शिक्षकांची यादी करतात आणि गरजेप्रमाणे बोलावतात. गणेशखिंड, सदर्न कमांड, खडकवासल्याची एनडीए, सगळीकडे अशी विद्यालयं आहेत. तिथे सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, विचारतात, म्हणून तीही देऊन ठेवा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या शाळांतही मानधनावर शिक्षक घेतले जातात. आपल्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी मात्र घेऊ नका. पैशांची ओढ मला कळते, पण शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे, आणि वर्गातल्या न येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत ते लगेच दिसतं.

राहिला मुलांचा प्रश्न. त्यांना खरं सांगा, तारखेसकट. "तुमच्या बाई बाळाला घेऊन घरी आहेत. त्या अमुक महिन्यात येतील. तोपर्यंत मी आहे, आणि आपल्याला हे चार धडे करायचे आहेत." मी सुरुवातीला "बघू हं" म्हणायचे. मग एके दिवशी अचानक जायची वेळ आली, आणि सहावीतल्या एका मुलाने निरोपाच्या वेळी माझ्याशी बोलणंच टाळलं. त्याला मी फसवल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. तारीख माहीत असली की मुलं समजूतदार होतात. ती दिवस मोजतात, पण कामही करतात.

आणि जाताना येणाऱ्या बाईंसाठी एक पान लिहून ठेवा. पर्यवेक्षक व्हायच्या आधी मी स्वतः ऑपरेशनसाठी चार महिने रजेवर होते. परत आले तेव्हा टेबलाच्या खणात माझ्या जागी आलेल्या मुलीने लिहिलेलं पान होतं. कोणते घटक झाले, कोणते घाईत झाले, चाचणीत वर्ग कुठे पडला. खाली लिहिलं होतं: "खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरच्या मुलाला फळा नीट दिसत नाही, त्याच्या आईशी बोलले आहे, चष्मा अजून झालेला नाही. तिसऱ्या रांगेतली एक जण आता हात वर करते, तिला आधी विचारा." मी वर्गात गेले आणि आधी त्या मुलाला पुढच्या बाकावर आणलं. मग फळ्यावर एक उदाहरण लिहून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. हात वर होता.